ना मिटवामिटवी, ना दाखला

विद्यार्थ्यांनी विद्यार्थ्याचा मोबाइलवरून चालवलेला छळ शाळेच्या कानावर आला की आपल्याकडे बहुधा दोनपैकी एक गोष्ट होते. एक तर दोन्हीकडच्या पालकांना मुख्याध्यापकांच्या खोलीत बसवून प्रकरण मिटवले जाते. ‘लेकरं आहेत, होते असं’ म्हणत चहा येतो, आणि जिचा फोटो गावभर फिरला ती मुलगी दुसऱ्या दिवसापासून शाळेत येत नाही. नाही तर ज्याने फोटो फिरवला त्याच्या वडिलांच्या हाती दाखला ठेवला जातो आणि शाळेपुरता विषय संपतो. वर्धा जिल्ह्यात काय किंवा बाकीच्या महाराष्ट्रात काय, या दोन्ही वाटा सवयीच्या झाल्या आहेत. दोन्ही कायद्याला धरून नाहीत. जिल्ह्यातल्या मुख्याध्यापकांच्या आणि शिक्षकांच्या हाती ही पुस्तिका द्यावीशी वाटली ती त्यासाठीच.

या छळाची रूपे शिक्षकांनी आधी ओळखून घ्यायला हवीत. आठवीतल्या एखाद्या जाड मुलाचा चेहरा कापून त्याचे व्हॉट्सअ‍ॅप स्टिकर केले जाते आणि वर्गाच्या ग्रुपवर त्याने काहीही लिहिले तरी उत्तर म्हणून तेच येत राहते. मुलीच्या नावाने इन्स्टाग्रामवर फेक आयडी निघतो आणि त्यावरून तिच्याच मैत्रिणींना घाण मेसेज जातात. शाळेच्या नावाने ‘कन्फेशन’ पेज चालते, त्यावर कोणाचे कोणाशी जुळले हे निनावी लिहिले जाते. एसटीत उभ्या असलेल्या मुलीचा फोटो चोरून काढला जातो. कोणाच्या जातीवरून, कोणाच्या वडिलांच्या कामावरून स्टेटस ठेवले जाते. नाव घेतलेले नसते, पण रोख कोणावर आहे हे साऱ्या वर्गाला कळते. सगळ्या वर्गाचा एक ग्रुप असतो आणि त्याच मुलांचा, एकाला वगळून, दुसरा. अलीकडे साध्या फोटोवरून नग्न फोटो बनवून देणारी अ‍ॅप्सही आली आहेत आणि ती वापरायला मोठे कसब लागत नाही.

सेलू, समुद्रपूर, कारंजा, आष्टी या तालुक्यांतल्या खेड्यांमधली कितीतरी मुले सकाळच्या एसटीने मोठ्या गावच्या शाळेत येतात. अनेक घरांत मोबाइल एकच, वडिलांचा, आणि तो रात्री मुलाच्या हाती येतो. भांडण वर्गात सुरू होते, रात्री फोनवर पेटते आणि उरलेले सकाळी बसमध्ये निघते. ‘हे शाळेबाहेर घडले, आमचा काय संबंध’ हे उत्तर म्हणूनच टिकत नाही. शिवाय २०२० सालच्या टाळेबंदीत वर्गावर्गांचे ग्रुप शाळांनीच काढले होते, अभ्यास त्यावर पाठवला होता आणि परवडत नसतानाही फोन घ्यायला पालकांना भाग पाडले होते. मुलांच्या हाती फोन जाण्यात शाळेचा वाटा आहे. तो मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. ‘सायबर छळ’ या नावाचा स्वतंत्र गुन्हा भारताच्या कोणत्याही कायद्यात नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात पूर्वी कलम ६६-अ होते. त्रासदायक किंवा अपमानकारक मजकूर पाठवणे एवढ्यावर त्याखाली अटक होत असे. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, देशभर गदारोळ उठला आणि २४ मार्च २०१५ रोजी श्रेया सिंघल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते कलम घटनाबाह्य ठरवून रद्द केले. त्यानंतरही पोलीस ठाण्यांत त्याखाली गुन्हे नोंदले जात होते, आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्याबद्दल धक्का बसल्याचे बोलून दाखवले. तक्रार अर्ज लिहिताना मुख्याध्यापकांनी हे कलम चुकूनही लिहू नये.

उरतात ती वेगवेगळ्या कायद्यांतली कलमे. दुसऱ्याचा पासवर्ड किंवा ओळख चोरून वापरली तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६-क, फेक आयडीने तोतयागिरी करून फसवले तर ६६-ड, कोणाच्या खासगी अवयवांचे चित्र संमतीशिवाय टिपले किंवा पाठवले तर ६६-ई, आणि लहान मुलांचे लैंगिक चित्रण पसरवले तर ६७-ब. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३५१ धमकीचे आहे आणि निनावी धमकीला त्यात वेगळी, वाढीव शिक्षा आहे. कलम ७८ पाठलागाचे आहे. नको म्हटल्यावरही मुलीशी पुन्हा पुन्हा संपर्क साधणे किंवा तिच्या इंटरनेट वापरावर पाळत ठेवणे हे त्यात येते. फेब्रुवारी २०२० मध्ये हिंगणघाटच्या भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पाठलाग करणाऱ्याने पेटवून दिले, तिचा जीव गेला, आणि दोन वर्षांनी त्याला जन्मठेप झाली. ती घटना शाळेतली नव्हती. पण ‘मागे लागतो, दुसरे काही करत नाही’ हे वाक्य या जिल्ह्यातल्या कोणत्याही शिक्षकाच्या तोंडी आता येऊ नये.

मात्र वर सांगितलेल्या स्टिकरला या कायद्यांत कलम नाही. ग्रुपमधून वगळण्याला कलम नाही. बदनामीचा गुन्हा अदखलपात्र असतो. मुलाला आतून पोखरणारा बराचसा छळ फौजदारी कायद्याच्या जाळीतून खाली गळून जातो, आणि माझ्या मते तसेच असायला हवे. तेरा वर्षांच्या मुलाने केलेल्या टिंगलीसाठी पोलीस ठाणे ही जागा नव्हे. पण याचा अर्थ असा की त्या टिंगलीपुरता शाळेचा नियम हाच कायदा असतो. तो नियम लिहिलेला नसेल तर छळ झालेल्या मुलाकडे काहीच उरत नाही.

बहुतेक शाळांच्या शिस्तीच्या नियमांत गणवेश असतो, वेळ असते, ‘मोबाइल आणू नये’ असते. रात्री नऊला घरून टाकलेल्या पोस्टबद्दल काही नसते. इंग्लंडमध्ये २००६ च्या शिक्षणविषयक कायद्याने मुख्याध्यापकांना शाळेच्या आवाराबाहेरच्या वर्तनावरही वाजवी मर्यादेत नियम करण्याचा अधिकार दिला. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये एका विद्यार्थिनीच्या शाळेबाहेरून टाकलेल्या चिडक्या पोस्टवरची शाळेची शिक्षा रद्द केली, पण गंभीर छळ आवाराबाहेर घडला तरी शाळेला त्यात लक्ष घालता येते हेही त्याच निकालात मान्य केले. जपानने २०१३ मध्ये शाळेतल्या छळाविरुद्ध स्वतंत्र कायदा केला. ओत्सू शहरातल्या तेरा वर्षांच्या मुलाने २०११ मध्ये आत्महत्या केली होती आणि शाळेने व शिक्षण मंडळाने हात झटकले होते, त्यातून तो आला. इंटरनेटवरचा छळ त्याच्या व्याख्येतच आहे, आणि छळ झाला की नाही हे ठरवण्याची कसोटी ज्याला त्रास झाला त्या मुलाची वेदना ही आहे. त्या कायद्याने मुलांसाठी नवी शिक्षा आणली नाही. प्रत्येक शाळेवर धोरण लिहिण्याचे, शिक्षकांचे पथक नेमण्याचे आणि गंभीर प्रकरणाची चौकशी करण्याचे बंधन घातले. आपल्याकडे केंद्राने असा कायदा करावा असे मला मनापासून वाटते. तोवर शाळांनी थांबून राहण्याचे कारण नाही.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर आपल्याकडे एक जुना, विसरला गेलेला आधार आहे. महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध अधिनियम १९९९ सालचा. तो मेडिकल आणि इंजिनीअरिंगच्या वसतिगृहांसाठी आहे असा समज रूढ आहे. पण त्यातली शैक्षणिक संस्थेची व्याख्या कॉलेजपाशी थांबत नाही. शिक्षण देण्याचे काम करणारी, कोणत्याही नावाची संस्था तीत बसते, वसतिगृहेही बसतात. रॅगिंगची व्याख्याही रुंद आहे: विद्यार्थ्याला मानसिक इजा होईल, भीती, लाज किंवा अवघडलेपण वाटेल अशी कृती, त्यात चिडवणे, शिवीगाळ, धमकी हे सारे. आणि बंदी ‘संस्थेच्या आत किंवा बाहेर’ दोन्हीकडे आहे. विद्यार्थ्याने, पालकाने किंवा शिक्षकाने लेखी तक्रार दिली की संस्थाप्रमुखाने सात दिवसांत चौकशी करायची. प्रथमदर्शनी तथ्य दिसले तर आरोप असलेल्या विद्यार्थ्याला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची, तथ्य नसेल तर तसे तक्रारदाराला लेखी कळवायचे. यात कुचराई करणारा प्रमुख गुन्ह्याला साहाय्य करणारा मानला जातो. गुन्हा सिद्ध झाल्यास दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे.

हा कायदा शाळकरी मुलांवर जसाच्या तसा चालवावा असे मी म्हणणार नाही. निलंबनाची तरतूद लहान मुलांच्या बाबतीत फार कठोर ठरते, आणि पुढे सांगितलेल्या बालन्याय कायद्याशी तिचा मेळ घालूनच ती वाचावी लागेल. पण लेखी तक्रार आल्यावर ‘बघू’ म्हणून ती टेबलाच्या खणात ठेवणाऱ्या मुख्याध्यापकाला हा कायदा विचारणा करू शकतो, हे त्यांना माहीत असावे. सात दिवसांची मुदत आणि लेखी उत्तर, एवढे तरी प्रत्येक शाळेने या कायद्यातून उचलावे.

प्रकरणात लैंगिक अंश आला की सगळे बदलते. लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणारा २०१२ चा पोक्सो कायदा मुलगा आणि मुलगी दोघांनाही लागू आहे. अश्लील मेसेज, चित्र किंवा व्हिडिओ दाखवणे, ऑनलाइन मागे लागणे, खरे किंवा बनावट नग्न चित्र व्हायरल करण्याची धमकी देणे हे त्याच्या कलम ११ खाली लैंगिक छळ ठरू शकते. २०१९ च्या दुरुस्तीने संगणकावर बनवलेले पण खऱ्या मुलासारखे दिसणारे चित्रही कायद्याच्या कक्षेत आले. असा अपराध घडल्याचे ज्याला कळले, किंवा घडेल अशी भीती वाटली, त्या प्रत्येकावर कलम १९ पोलिसांना कळवण्याचे बंधन घालते. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. मुलांना या शिक्षेतून सूट आहे, शिक्षकांना नाही. चांगल्या हेतूने माहिती देणाऱ्यावर मात्र कारवाई होत नाही.

आमचा शेजारी चंद्रपूर जिल्हा. तिथल्या राजुऱ्याच्या एका शाळेच्या वसतिगृहात आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचे उघडकीस आले, आणि मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरवर माहिती न कळवल्याचा गुन्हा नोंदला गेला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा आदेश फिरवला आणि माहीत असूनही न कळवणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे, त्यातून अपराध्याला आडोसा मिळतो, असे बजावले. वर्ध्याच्या मुख्याध्यापकांनी हा निकाल दूरचा समजू नये. आणि मिटवामिटवीबद्दल म्हणाल, तर नोव्हेंबर २०२४ मध्ये राजस्थानातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की असा गुन्हा दोन्ही बाजूंनी समझोता झाला म्हणून रद्द करता येत नाही. पालक ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून देतात, तो कागद शाळेला वाचवत नाही.

इथे पुराव्याची गोष्ट आली, आणि ती सविस्तर सांगायला हवी, कारण चांगल्या हेतूची माणसेही त्यात अडकतात. मुलगी रडत येते. वर्गशिक्षिका तो फोटो आपल्या फोनवर मागवून घेते, मुख्याध्यापकांना पाठवते, मुख्याध्यापक तो संस्थेच्या सचिवांना पाठवतात. सगळ्यांचा हेतू शुद्ध असतो, पण मुलाचे लैंगिक चित्र आता आणखी तीन फोनांत आहे. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने असे साहित्य जवळ बाळगण्याबाबत पोक्सोच्या कलम १५ चा कडक अर्थ लावला आहे. म्हणून असे चित्र शिक्षकाने मागू नये, कॉपी करू नये, कोणालाही पाठवू नये. ज्या फोनवर ते आले तो तसाच ठेवावा, खात्याचे नाव, तारीख, वेळ, कोणी कोणाला पाठवले हे कागदावर लिहावे आणि पोलिसांना बोलवावे. लैंगिक नसलेल्या मजकुराचे स्क्रीनशॉट घ्यायला हरकत नाही. उलट, पोस्ट उडवायला लावण्याआधी ते घ्यावेतच. पण कोणत्याही परिस्थितीत मुलाचा फोन हिसकावून त्याची गॅलरी चाळण्याचा अधिकार शिक्षकाला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टस्वामी निकालाने मान्य केलेला खासगीपणाचा हक्क विद्यार्थ्यालाही आहे. नियमाविरुद्ध आणलेला फोन जमा करून पालकांच्या हाती द्यावा. तपासणी हे पोलिसांचे काम आहे.

चित्र इंटरनेटवरून काढून टाकण्यासाठी निकालाची वाट पाहायची नसते. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी नग्न किंवा चेहरा बदलून बनवलेल्या चित्राबद्दल पीडित व्यक्तीने किंवा तिच्या वतीने कोणी तक्रार केली तर समाजमाध्यम कंपनीवर ते ठरलेल्या अल्प मुदतीत हटवण्याचे बंधन घातले (२०२१ मध्ये ही मुदत २४ तास होती). राष्ट्रीय सायबर गुन्हे तक्रार पोर्टलवर महिला व मुलांसाठी वेगळा विभाग आहे. ‘टेक इट डाउन’ नावाची एक विनामूल्य आंतरराष्ट्रीय सेवाही आहे. तिच्यात चित्र कोणाला पाठवावे लागत नाही, फोनवरच त्याची अंकांतली खूण तयार होते आणि सहभागी कंपन्या त्या खुणेवरून चित्र शोधून हटवतात. मुलीच्या दृष्टीने पहिल्या दिवशी हेच सर्वांत महत्त्वाचे असते. दोषी कोण हा प्रश्न तिच्यासाठी नंतरचा.

आता ज्याने छळ केला त्या मुलाकडे वळू. त्याच्याबद्दल बोलताना शाळेचा आवाज चढतो. पण अठरा वर्षांखालचा आहे म्हणजे तोही बालक आहे, आणि २०१५ चा बालन्याय कायदा त्याच्या बाजूनेही उभा आहे. त्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांनुसार, गुन्हा अतिगंभीर नसेल आणि त्यात प्रौढ व्यक्ती सामील नसेल, तर मुलावर एफआयआर नोंदायचा नाही. ठाण्याच्या दैनंदिनीत नोंद होते आणि मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल तयार होतो. त्याला कोठडीत ठेवता येत नाही. ताब्यात घेतले तर २४ तासांत बाल न्याय मंडळापुढे न्यावे लागते. मंडळ समज देऊ शकते, समुपदेशनाला पाठवू शकते, समाजसेवा करायला लावू शकते. कायद्याप्रमाणे प्रत्येक ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. शाळेने त्याच्याशी ओळख प्रकरण घडण्याआधी करून घ्यायची असते.

पालकांना वाटणारी भीती खरी असते: पोराच्या नावावर केस लागली, आता नोकरी मिळणार नाही. त्यांना सांगायला हवे की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य प्रमाणपत्रासाठी उघड करायला कलम ७४ पोलिसांना मनाई करते. तेच कलम आणि पोक्सोचे कलम २३ दोन्हीकडच्या मुलांची ओळख जाहीर करायला बंदी घालतात. ओळख म्हणजे केवळ नाव नव्हे. गाव, घर, शाळा, ज्यावरून मूल कळून येईल ते काहीही. शिक्षकांच्या ग्रुपवर ‘आपल्या शाळेतल्या अमुकचे काय झाले’ ही चर्चा म्हणूनच धोक्याची आहे.

दाखल्याबद्दल कायदा याहून स्पष्ट आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे कलम १६ सांगते की शाळेत दाखल झालेल्या मुलाला प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत काढून टाकता येत नाही. ‘पालकांनी स्वतःहून दाखला नेला’ असा अर्ज लिहून घेणे ही या कलमाला दिलेली बगल आहे. नववीच्या पुढे हे कलम आड येत नाही, पण तिथेही मुलाचे म्हणणे ऐकल्याशिवाय, आरोप लेखी दिल्याशिवाय आणि अपराधाच्या मानाने योग्य अशी शिक्षा ठरवल्याशिवाय केलेली हकालपट्टी न्यायालयात टिकणे कठीण. आणि कलम १७ शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई करते. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर उभे करून माफी मागायला लावणे हा शिक्षकांचा आवडता उपाय आहे. तो याच कलमाचा भंग आहे, आणि त्यात छळ झालेल्या मुलाची फजिती दुसऱ्यांदा होते ती वेगळीच.

मग शिस्त लावायची कशी? वर्धेकरांना हा प्रश्न उसना घ्यावा लागत नाही. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी गांधीजींच्या अध्यक्षतेखाली याच गावात शिक्षण परिषद भरली, झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि नई तालीमची योजना आकाराला आली. सेवाग्रामच्या शाळेत आशादेवी आणि आर्यनायकम या दाम्पत्याने मुलांच्या हाती कारभार दिला. मुले आपले मंत्री निवडत, आमसभेत हिशेब मागत, चुकणाऱ्याशी काय करायचे हेही तिथे बोलले जाई. बालन्याय कायदा आज ज्याला पुनर्स्थापना म्हणतो ती या जमिनीत आधीच रुजलेली होती. लैंगिक स्वरूपाचे नसलेले प्रकरण, दुखावलेल्या मुलाची खरोखर इच्छा असेल तर, शिक्षकाच्या देखरेखीखाली समोरासमोर बसून सोडवता येते. ज्याने स्टिकर पसरवले त्याने ते प्रत्येक फोनवरून काढायला लावणे, वर्गापुढे माफीचे भाषण करण्याऐवजी त्या मुलाला काय हवे ते ऐकून घेणे, हे शिक्षेहून जड जाते आणि टिकते. इच्छा नसेल तर मात्र बळेच हात मिळवायला लावू नये.

२५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकदेब साहा खटल्यात विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी देशभरच्या शिक्षणसंस्थांना बंधनकारक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे प्रशिक्षित समुपदेशक हवा. कमी असतील तर बाहेरच्या तज्ज्ञांशी औपचारिक जोडणी हवी. छळाच्या तक्रारीसाठी गोपनीय व्यवस्था हवी, आणि वेळेत कारवाई न केल्याने विद्यार्थ्याने जिवाचे बरेवाईट केले तर तो संस्थेचा दोष मानला जाईल. आपल्या जिल्ह्यातल्या लहान पटाच्या जिल्हा परिषद शाळांना समुपदेशक नेमणे शक्य नाही, पण जोडणीला अडचण नसावी: सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात आणि सावंगीच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे. मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळांत मुलांच्या सुरक्षिततेसाठी सखी सावित्री समित्या आल्या, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या अत्याचार प्रकरणानंतर शासनाने तक्रारपेटी, समिती, सीसीटीव्ही यांचा पुन्हा आग्रह धरला. कागदावर समिती जवळपास सगळीकडे असेल. पण तक्रारपेटी मुख्याध्यापकांच्या दाराशी, सगळ्यांच्या नजरेसमोर टांगलेली असेल तर तिच्यात चिठ्ठी पडणार नाही.

वर्गाच्या ग्रुपचा अ‍ॅडमिन असलेल्या शिक्षकांच्या मनात एक धास्ती असते, ती इथेच दूर करतो. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी निर्णय दिला की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय, अ‍ॅडमिनला गुन्हेगार ठरवता येत नाही. तेव्हा भीतीपोटी ग्रुप बंद करू नका. पण अ‍ॅडमिन शिक्षक असेल तर कायद्याच्या पलीकडचे एक कर्तव्य त्याच्यावर येतेच: ग्रुपवर कोणाची टिंगल चालू दिसली की त्याच रात्री ती थांबवणे. दोनशे मेसेज वर गेल्यावर सकाळी बोलून उपयोग नसतो.

पुढच्या प्रकरणांत प्रत्येक प्रसंगाची कृती, अर्जांचे नमुने आणि शाळेच्या नियमांचा मसुदा दिला आहे. विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उरलेल्या महाराष्ट्रानंतर, जूनच्या अखेरीस उघडतात. मुख्याध्यापकांना विनंती एवढीच, की त्या पहिल्या महिन्यातच शाळा व्यवस्थापन समितीची किंवा पालक-शिक्षक संघाची सभा घ्या, मसुदा वाचून दाखवा, गावाला साजेसे बदल करा, पालकांच्या सह्या घ्या आणि मुलांनी कोणाला सांगायचे त्या एका शिक्षिकेचे आणि एका शिक्षकाचे नाव जाहीर करा. आणि १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहा. तो दिवसरात्र चालू असतो आणि त्यावर फोन करायला पैसे पडत नाहीत.